यमुनेचं तोंड बंद होतं तेव्हा

घरातलं एक तोंड बंद झालं की बाकीची किती तोंडं चालू होतात, आणि त्यातून सांगण्यासारखं किती काय साठत जातं, हे मला या वर्षी कळलं. मी तसा कमी बोलणारा माणूस. वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी आम्ही चार म्हातारे बसतो, तेव्हा बाकीचे बोलतात आणि मी ऐकतो. पण हल्ली तेच म्हणतात, "आबा, तुमच्या घरचं सांगा." मी एक सांगतो, ते दुसरं मागतात. मी सावकाश सांगतो. घाई असेल त्याने खुशाल उठावं.

आधी यमुना कोण ते सांगतो. यमुना माझी बायको. आमचं गाव पनवेलच्या अंगाला. आता चारी बाजूंनी इमारती आल्या, मधे आमची आळी तेवढी उरली. आमच्या आगरी लोकांच्या लग्नात धवले गाणारी बाई लागते, तिला धवलारीण म्हणतात. हळदीपासून पोर सासरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचा धवला वेगळा, आणि सगळे तोंडपाठ. आळीतल्या सगळ्या पोरी यमुनेच्या गळ्यावर सासरी गेल्या. लहानथोर तिला यमुआय म्हणतात.

तर या यमुनेच्या खालच्या पुढच्या दातांवरची हिरडी सरकत चालली होती. दात हलायला लागले होते. पुढचे दात पडले की शब्दांतून नुसती हवा जाणार, आणि हवेवर काही लग्न लागत नाही. ती हे बोलून दाखवायची नाही, पण भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचं तिने सोडलं होतं. मला दिसत होतं.

*

आमची सून वैशाली तळोज्याला कंपनीत पॅकिंगला आहे. तिच्याबरोबरच्या एका बाईने पनवेलातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. आम्ही गेलो. डॉक्टरीणबाई वयाने अगदी लहान, पण हात हलका. त्यांनी यमुनेचा ओठ बोटाने खाली धरून बराच वेळ बघितलं. मी आणि वैशाली भिंतीला टेकून उभे होतो आणि त्यांच्या कपाळाकडे बघत होतो, आठी पडते का म्हणून.

मग त्यांनी विचारलं, मशेरी लावता का. मशेरी म्हणजे तव्यावर करपवलेल्या तंबाखूची पूड. आमच्याकडच्या बायका सकाळी ओट्यावर बसून बोटाने ती दातांना आणि हिरड्यांना घासतात. त्यांचा दिवस उजाडतो तिच्यावरच.

यमुना म्हणाली, "नाय."

"कधीच नाही?"

"कधीच नाय."

डॉक्टरीणबाईंनी यमुनेचा उजवा हात उचलला आणि दिव्याखाली धरला. पहिलं बोट टोकाशी काळपट पडलेलं. त्या बोटाकडे बघून त्यांनी अगदी मायेने विचारलं, "तू सांग रे बाबा, किती वर्षं?"

*

ऑपरेशन असं होतं की टाळूची पातळ साल काढायची, ती खालच्या हिरडीला लावायची आणि टाके घालून बसवायची. तिने तिथे जीव धरला तर दात वाचले. पण ओठ ताणला की साल हलणार. म्हणून बोलायचं जेमतेम, हसायचं नाही, आणि गाणं तर मुळीच नाही. गरम नाही, तिखट नाही, कडक नाही. ओठ ओढून आरशात बघायचं नाही. चूळ जोरात थुंकायची नाही, तोंड उघडून पाणी आपोआप पडू द्यायचं. मशेरीचं नाव काढायचं नाही. वैशाली प्रत्येक गोष्ट दोन दोनदा विचारून घेत होती.

यमुना खुर्चीत आडवी पडलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि इंजेक्शनच्या आधी एकच बोलली, "म्हंजी आवण लावताय."

डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. मी सांगितलं की भाताची रोपं एका जागेवरून उपटून दुसऱ्या शेतात लावतात, त्याला आमच्याकडे आवण म्हणतात.

त्या हातमोजा चढवत म्हणाल्या, "तर मग आजी, रुजेपर्यंत शेतात पाय घालायचा नाही. तुमचा पण नाही आणि शेजाऱ्यांचा पण नाही."

शेजाऱ्यांचं त्यांनी कसं ओळखलं, देव जाणे.

*

घरी आणल्यावर यमुनेला खाटेवर उशी उंच करून बसवलं. गालाला बाहेरून बर्फाची पिशवी. आमच्या आळीत माणूस आजारी पडलं की बघायला येतात, आणि बघायला येतात म्हणजे खरंच बघायला येतात. पाय मोडला तर पाय बघणार, टाके पडले तर टाके बघणार. जी बाई येई ती खाटेशी वाकून म्हणे, "बघू, आ कर."

मला दारात बसवलं होतं. त्यांना सांगायचं काम माझं. मी सुरुवात करायचो, "हे बघ बाय, डॉक्टरीणबाईंनी असं सांगितलंय की..." माझं बोलणं हे असं. वाक्य पुरं होईस्तोवर बाई आत पोचलेली असायची.

त्यात यमुनेची सवय. आयुष्यभर ती मोरीशी उभी राहून अशी चूळ थुंकायची की पलीकडच्या घराला कळायचं, यमुआय उठली. संध्याकाळी औषध घेतलं, घोटभर पाणी तोंडात धरलं, आणि विसरली. जोरात थुंकली. मोरी लाल झाली.

ती वळली तेव्हा हनुवटीवरून रक्त येत होतं. तिचे डोळे माझ्यावर. ओरडता येत नव्हतं तिला. वैशालीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, स्वच्छ गॉजची ओली घडी टाळूला दाबून धरा, आणि उचलून उचलून बघू नका. यमुनेला आरशाशिवाय जागा सापडेना म्हणून घडी मी धरली. माझा अंगठा तिच्या टाळूवर. तिचा श्वास माझ्या हातावर लागत होता, गरम आणि भरभर. मग हळूहळू तो शांत होत गेला. रक्त थांबलं का ते बघावं असं फार वाटत होतं, पण बघायचं नव्हतं.

तेवढ्यात समोरची काशी पळत आली. मागून आणखी दोघी. काशीने यमुनेच्या तोंडातला माझा हात बघितला, मागे वळली आणि दोघींना म्हणाली, "चला बाहेर. आबाच तपासतायत."

दुसऱ्या दिवसापासून "आ कर" म्हणायला कोणी आलं नाही. मी डॉक्टर झालो होतो.

*

टाक्यांवर एक गुलाबी लेप बसवला होता, घट्ट झालेल्या पिठासारखा. तो लेप आहे हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण तेव्हा आमचं लक्ष टाळूच्या जखमेकडे. वैशाली ऐकत होती, आणि त्या दिवशी वैशाली सकाळच्या पाळीला गेलेली.

यमुना गार पेज पीत होती. एकदम वाटी खाली ठेवली. तळहातावर काहीतरी घेऊन माझ्यासमोर आली. गुलाबी, ओलसर, दातांच्या आकाराचा तुकडा. खालच्या बाजूला थोडं रक्त.

आम्ही दोघं त्या तुकड्याकडे बघत राहिलो. लावलेलं सगळं निघालं असंच वाटलं. यमुना जमिनीवर बसली. तिने तोंडावर पदर धरला आणि डोळे मिटले. इतकी वर्षं तिला ओळखतो, पण असं बसलेलं मी तिला एकदाच बघितलं होतं, तिची आई गेली तेव्हा.

मी फडकं ओलं केलं, तुकडा त्यात गुंडाळला. स्टीलच्या डब्यात घातला. काशीच्या फ्रीजमधून बर्फ आणून वर दाबला. रिक्षा केली. पुलाशी गाड्या अडकलेल्या. यमुनेच्या मांडीवर डबा, दोन्ही हात डब्यावर. मला धीराचं काहीतरी बोलायचं होतं, पण मनात जे यायचं ते सगळं खोटं वाटायचं.

दवाखान्यात माणसं बसलेली. मी कधी रांग मोडली नाही, त्या दिवशी मोडली. आत गेलो आणि डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे काय आणलंत?"

मी म्हटलं, "हिरडी."

त्यांनी डब्याला हात लावला नाही. आधी यमुनेला बसवलं, दिवा वळवला, आणि बघत राहिल्या. मी तिथल्या भिंतीवरचं दातांचं चित्र बघत होतो. अजून ते डोळ्यासमोर आहे.

"जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "काही हललेलं नाही. हे वरचं झाकण होतं, आज ना उद्या निघायचंच होतं."

यमुनेने डोळे उघडले. मी स्टुलावर बसलो. डॉक्टरीणबाईंनी मग डबा उघडला. बर्फ बघितला, फडकं बघितलं.

"पण बर्फात का?"

"करंजाच्या बंदरावरून मासळी आणतो," मी म्हटलं. "तशीच आणली."

त्यांनी डब्यावर जरा नाक नेलं आणि झाकण परत लावलं. "डबा पण तोच दिसतोय."

*

औषधाचं पाणी होतं तोंडात धरायला. त्याने जखम स्वच्छ राहते, पण जिभेची चव जाते. मिठाची तर पहिली. हे आम्हाला नंतर कळलं.

यमुनेला बसून राहणं जमत नाही. एका रविवारी सगळे घरी, तर तिने बोंबलाचं कालवण केलं. स्वतः खाणार होती गार ताकभात, पण रांधायचं तिनेच. तिच्या मिठाचा अंदाज कधी चुकलेला नाही. थेंब जिभेवर ठेवायचा आणि चिमूट टाकायची. त्या दिवशी थेंब ठेवला, काही लागलं नाही, म्हणून चिमूट टाकली. परत थेंब, परत चिमूट.

मी पहिला घास घेतला आणि थांबलो. वैशाली थांबली. आमचा मुलगा कैलास, त्याने घास गिळला आणि तांब्या उचलला. यमुना समोर बसून आमच्या तोंडांकडे बघत होती. तिचा जीव आधीच गळ्याशी आलेला. दात चाललेच होते, आता जीभही गेली, असं तिला वाटायला नको होतं. म्हणून कोणी बोललं नाही. कैलासने तर परत वाढून घेतलं. आम्ही खात होतो आणि पाणी पीत होतो.

यमुना उठली, पाण्याच्या हंड्यात डोकावली. हंडा तळाला गेलेला. तिने हंड्याकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे. तिचा हात तसाच वर राहिला. डोळे भरून येत चालले होते.

मग वैशालीने खरं सांगितलं. औषधामुळे असं होतं, बंद झालं की चव परत येते, कंपनीतल्या त्या बाईलाही असंच झालं होतं. यमुनेचा विश्वास बसेना. तिने कैलासकडे बघितलं. तो लहानपणापासून तिच्याशी खोटं बोलू शकत नाही.

कैलास म्हणाला, "आय, कालवण झ्याक झालंय. फक्त बोंबील अजून दर्यातच हाय."

यमुनेचे ओठ सुटायला लागले. आम्ही तिघेही एकदम ओरडलो, "हसू नको!" तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पाठ नुसती गदगदत होती. तिघांचे घास हातात. एक टाका सुटला असता तर तो कैलासच्या नावावर गेला असता.

*

मशेरीचं मात्र कठीण गेलं. सकाळ झाली की तिचं बोट आपोआप तोंडाशी जायचं, मग ती ते मुठीत धरून बसायची. आळीतल्या बायका आमच्याच ओट्यावर मशेरी लावायच्या. ऑपरेशननंतर ओटा रिकामा पडला. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण सगळ्या काशीच्या घरामागे, शेवग्याखाली बसायला लागल्या.

वारा मात्र तिकडूनच यायचा. भाजलेल्या तंबाखूचा वास तो, लपत नाही. एका सकाळी यमुना उठली आणि चालायला लागली. मी मागे गेलो. ती सरळ शेवग्याखाली जाऊन उभी राहिली.

बायकांनी बोटं पाठीमागे लपवली. तोंडं मिटली. एकीलाही बोलता येईना, कारण तोंडात मशेरी. यमुना एकेकीकडे बघत होती. आता मागते की काय, या भीतीने मला घाम फुटला. अडवायचं तर कसं अडवायचं. तिच्या हाताला धरून मी तिला कधी कुठून ओढून आणलेलं नाही.

तिने काशीचा हात पाठीमागून पुढे घेतला. काळं बोट नाकाशी धरलं. एक लांब श्वास घेतला. आणि हात सोडून घरी परत आली.

काशी उठली, नळावर गेली, तोंड धुतलं. त्या दिवसापासून तीही लावत नाही. मी एकदा विचारलं तर मलाच रागावली. म्हणाली, "आबा, तिने माझं बोट हुंगलं. आता ते बोट मी तोंडात कशी घालू?"

*

आता काशीच्या घरचं लग्न. तिची पोर प्राची, जिला यमुनेने मांडीवर घेऊन भात भरवला, तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं. सासर करंजाडे. टाके निघाले होते, पण डॉक्टरीणबाईंनी गाण्याला साफ मनाई केली. साल धरत होती, पण अजून कोवळी होती. धवला गाताना ओठ लांबवर खेचला जातो. एका लग्नासाठी पुढची सगळी लग्नं घालवायची का, असं त्यांनी विचारलं.

काशी आमच्याकडे आली. पेज जाते का, झोप लागते का, सगळं विचारून झालं. शेवटी खाली बघत म्हणाली, "यमुआय, तू नुसती मांडवात बस. डीजेवाल्याकडे धवल्यांचं रेकॉर्डिंग हाय, तो लावेल."

यमुनेच्या कपाळाची शीर उठली. मला वाटलं, आता तोंड उघडते. मी मधे हात केला. तिने तो बाजूला सारला, डावा तळहात कानावर ठेवला आणि मान ताणून वर बघितलं.

आम्ही दोघांनीही लगेच ओळखलं. कानावर हात ठेवून गाणारी धवलारीण या भागात एकच, उरणकडची ठकूबाई. एका लग्नात वराकडून ती आणि वधूकडून यमुना, दोघी अशा गायला लागल्या की कोणी थांबेना. नवरदेव मांडवातच झोपला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

काशीचा विश्वास बसेना. "ठकूबायला बोलवू?"

यमुनेने कानावरचा हात काढला आणि होकाराची मान हलवली. मग आत गेली आणि पाठ करून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

*

ठकूबाई लग्नाआधी आमच्या ओट्यावर आली. आत आली नाही. यमुना उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. दोघींच्या मधे मी. एक डॉक्टरच्या सांगण्याने बोलत नव्हती, दुसरी जुन्या रागाने.

ठकूबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, तिला सांग, मी तिच्या पाटावर बसाय नाय आले. बोलावलं म्हणून आले."

यमुना हातभरावर. तिने ऐकलंच होतं. तरी मी वळून सांगितलं. यमुनेने गळ्याकडे बोट नेलं, दोन बोटांची चिमूट केली आणि वर ओढली. मला कळलं, पण मी ते सांगणार नव्हतो.

"काय बोलली?"

"चहा घेणार का विचारते."

"खोटं नको सांगू, दादा. माझा आवाज वर चिरकतो, असं बोलली ती. तिची बोटं मना ठाव हायेत."

वैशालीने चहा आणला. ठकूबाईने तो घेतला. यमुनेचा कप निवायला ठेवलेला होता. ठकूबाईने आपलाही कप खाली ठेवला आणि तो निवेपर्यंत हात लावला नाही. मग दोघी एकदमच प्यायल्या.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आमच्या दारात आलेल्या इतक्या बायकांत ती एकटीच होती जिने "बघू" म्हटलं नाही.

*

लग्नाच्या दिवशी यमुना मांडवात बसली, तोंडावर पदर. वैशाली तिच्या शेजारी, हात तिच्या गुडघ्यावर. ठकूबाई गात होती आणि पदराआड यमुनेचे ओठ हलत होते. हलले की वैशाली गुडघा दाबायची. दिवसभर मी लग्न बघितलंच नाही, तो पदर बघितला. एकदा ठकूबाईचा आवाज खरंच वर चिरकला. मांडवातल्या सगळ्या माना यमुनेकडे वळल्या. यमुना जमिनीकडे बघत होती.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. फुलं लावलेली गाडी आळीच्या तोंडाशी. प्राची उंबऱ्यात उभी. आता पाठवणीचा धवला, तो झाल्याशिवाय आमच्या आळीत पोर गेली असं धरत नाहीत. सगळे ठकूबाईकडे बघायला लागले. तिने पिशवी उचलली आणि काखेत मारली.

काशी घाबरली. "ठकूबाय, पाठवणीचा राह्यला."

"तो मी नाय गात," ठकूबाई म्हणाली. "ही पोर यमुनेच्या मांडीवरची. तिचं तोंड बरं झालं का ती गाईल."

वराकडचे लोक पुढे आले. मुलाचा मामा तापट, तो म्हणाला हा काय पोरखेळ आहे, गाडी उभी आहे, घरी माणसं वाट बघतायत. प्राची बापाचा हात धरून उभी राहिली, सोडेना. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं की नाही ते तिला कळेना. काशीचा नवरा एकदा मामाकडे बघे, एकदा ठकूबाईकडे. यमुनेने पदर बाजूला केला होता. ओठ उघडले होते. मी तिच्याकडे बघून मान हलवली, नको. जन्मात मी तिला कशालाच नको म्हटलेलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने ओठ मिटले.

मामा ओरडला, "मग पोरीला न्यायची का नाय आमी?"

ठकूबाई चप्पल घालत होती. "न्या की," ती म्हणाली. "उसनी न्या."

*

आळीत त्यानंतर एकच बोलणं. गाडी तर प्राचीला घेऊन गेली, पण ती गेली धरायची की नाही. काशी तिला फोन करायची आणि ठेवल्यावर म्हणायची, पोर सुखात हाय, पण अजून आमचीच हाय.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हिरडी बघितली, यमुनेचा ओठ धरून हळूच हलवला. ओठ हलला, साल हलली नाही. दात धरून बघितला, तोही जागचा हलला नाही. यमुनेने विचारलं, "रुजलं?" त्या म्हणाल्या, "रुजलं आजी. आता गा. पण हळू, आणि दुखलं तर थांबा."

दुसऱ्याच सकाळी यमुना नऊवारी नेसली. कुठे जायचं ते मी विचारलं नाही. करंजाड्याला गेलो. मोठी इमारत, लिफ्ट. वर जाताना तिने माझी बाही धरली. लिफ्टची भीती तिला नाही.

दार प्राचीनेच उघडलं. अंगात गाऊन, हातात पोळीचं लाटणं. मागून तिची सासू आली, या या म्हणाली. यमुना आत गेली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, जिथे चपला काढतात तिथे ती उभी राहिली. तिने प्राचीला आतल्या बाजूला उभं केलं, आणि गायला लागली.

पहिली ओळ बारीक आली. इतके दिवस न वापरलेला गळा. मी फक्त खालच्या ओठाकडे बघत होतो. तो ताणला जाई, सुटे, परत ताणला जाई. त्या धवल्यात आईच्या उंबऱ्याला सांगतात, विहिरीला सांगतात, गोठ्यातल्या वासराला सांगतात, की पोर निघाली. प्रत्येकाला नावाने. दुसऱ्या ओळीला आवाज भरला. समोरचं दार उघडलं, एक बाई मूल कडेवर घेऊन उभी राहिली. लिफ्ट वर आली, आतला माणूस बाहेर आला आणि थांबला. एकेक शब्द सबंध येत होता. पुढच्या दातांवर टेकून, स्वच्छ.

वरच्या पट्टीची ओळ आली. यमुना क्षणभर थांबली. माझा हात वर गेला. तिने ती ओळ खाली घेतली, नेहमीपेक्षा कितीतरी खाली, आणि तिथूनच पुरी केली.

लग्नाच्या दिवशी प्राचीच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. लोक बोललेही होते. आता ती चपलांच्या कपाटावर बसली आणि लाटणं छातीशी धरून रडायला लागली. सासूने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तीही रडली.

न्हाणीघराचं दार उघडलं. प्राचीचा नवरा रोशन डोक्याला टॉवेल, गालाला साबण, असा धावत बाहेर आला. रडणारी बायको बघितली, आई बघितली, दाराबाहेर आम्ही.

"काय झालं?"

यमुनेने पदराने ओठ पुसले. पदराकडे बघितलं. रक्ताचा डाग नव्हता. तिने तो मलाही दाखवला. मग रोशनला म्हणाली, "काय नाय, बाला. आता ने तिला."